कविता मंचावर नेताना : वाचकांचे प्रश्न, परीक्षकांची उत्तरे

२७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजेच मराठी भाषा गौरव दिन. त्याच्या आगेमागे नाशिकमधल्या शाळा-कॉलेजांत काव्यवाचनाच्या स्पर्धा भरतात आणि आमच्याकडे त्याबद्दलच्या पत्रांचा ओघ सुरू होतो. या अंकासाठी आम्ही पुन्हापुन्हा येणारे प्रश्न निवडले आहेत. उत्तरे अशा स्पर्धांचे परीक्षण करणाऱ्या आणि मुलांची तयारी करून घेणाऱ्या मंडळींनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या स्पर्धेत चार मिनिटे मिळतात. बाईंनी ‘कणा’ सुचवली, पण वर्गातल्या आणखी तिघी तीच म्हणणार आहेत. कविता कशी निवडू?
– विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : कुसुमाग्रजांची ‘कणा’ उत्तमच आहे, पण ती ऐकणाऱ्या जवळपास सगळ्यांना येते. शेवट माहीत असल्यामुळे जो परिणाम व्हायला हवा तो अर्धा होतो. त्यात तुझ्या आधी दोघींनी तीच म्हटली असेल तर परीक्षकांच्या मनात तुलना सुरू होतेच. शिवाय बहुतेक मुले ती रडवेल्या सुरात म्हणतात. त्या कवितेतला माणूस संकटातून उभा राहून आपल्या सरांशी बोलतो आहे. त्याला कोणाची दया नको आहे. तुला हे नीट पेलत असेल तर खुशाल घे. एरवी दुसरी शोध.

निवडताना स्वतःला तीन गोष्टी विचार. कवितेत कोण कोणाशी बोलते आहे? कुठल्या ओळीपाशी कविता वळते? आणि पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला ती एकदा ऐकून कळेल का? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. पुस्तकात आपण मागे जाऊन ओळ पुन्हा वाचू शकतो, सभागृहात ती सोय नसते. दोन-दोनदा वाचल्याशिवाय न उलगडणारी कविता कितीही थोर असली तरी स्पर्धेत ऐकणाऱ्याच्या हातून निसटते. कवितेचा अर्थ तुला तुझ्या शब्दांत दोन वाक्यांत सांगता आला नाही, तर ती या वर्षी बाजूला ठेव.

आता वेळ. सादर करताना मिनिटाला साधारण ८० ते १०० शब्द होतात. चार मिनिटांतले पंधरा-वीस सेकंद कवी आणि कवितेचे नाव सांगण्यात जातात, आणि शेवटची वीस सेकंदे हाताशी राखावीत. म्हणजे अडीचशे ते तीनशे शब्दांच्या वर जाऊ नकोस. कमी चालते. चार मिनिटे ही कमाल मर्यादा आहे, ती भरून काढायची गरज नाही; दोन मिनिटांची नेटकी कविता पुरते. वेळ मोजायची ती उभे राहून, मोठ्या आवाजात, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर, तीन वेळा. मनातल्या मनात म्हटलेली कविता नेहमी लवकर संपते, त्या आकड्यावर विसंबू नकोस.

कविता लांब असेल तर पूर्ण कडवी गाळ, अर्धे कडवे कधीच गाळू नकोस. आणि जिथे कविता वळते ते कडवे तर हात न लावता ठेव. सुरुवातीला ‘या कवितेतील काही कडवी’ असे सांगून टाक.

आणखी एक आग्रहाचे सांगणे : कविता मोबाइलवरून उतरवून घेऊ नकोस. फिरत्या मजकुरात ओळी गळालेल्या असतात, शब्द बदललेले असतात, कधी कवीच दुसरा असतो. परीक्षकाच्या हातात मूळ पाठ असेल तर ते लगेच कळते. आपल्या गावात १८४० साली सुरू झालेले सार्वजनिक वाचनालय आहे; तिथे नाहीतर शाळेच्या ग्रंथालयात संग्रह हातात घे आणि पानावरून स्वतःच्या अक्षरात उतरवून काढ.

प्रश्न : माझी कविता वृत्तात आहे. म्हणताना पाढे म्हटल्यासारखा हेल येतो असे सर म्हणतात. तो जाता जात नाही.
– विद्यार्थी, निफाड

उत्तर : वृत्ताचा ठोका कानाला आवडतो, म्हणून जीभ प्रत्येक ठोक्यावर जोर देते. हेल येतो तो तिथून. भुजंगप्रयात घे. प्रत्येक चरणात बारा अक्षरे, लघु-गुरू-गुरू असा गट चार वेळा. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. समर्थांनी तपश्चर्या केली ती आपल्या टाकळीला, त्यामुळे नाशिककरांच्या कानांना ही चाल सवयीची आहे. ती सवयच आड येते : दर तिसऱ्या अक्षराला मान डोलते आणि शब्द मधोमध तुटतात.

उपाय असा. पहिले दोन दिवस कविता चालीत म्हणायचीच नाही. ओळी मोडून सलग गद्य लिहून काढ आणि एखाद्या मित्राला गोष्ट सांगावी तशी ती वाच. ‘कोणी? काय केले? कोणाला?’ असे विचारत गेलास की ओळीतला मुख्य शब्द सापडतो. प्रत्येक ओळीत असा एकच शब्द पेन्सिलीने अधोरेखित कर. दोन केलेस तर दोन्ही वाया जातात. मग खुणा घाल : लहान थांब्याला एक तिरपी रेघ, मोठ्या थांब्याला दोन, श्वास घ्यायच्या जागी टिंब. अर्थ पुढच्या ओळीत वाहत असेल तर ओळीच्या शेवटी रेघ घालायची नाही. तिसऱ्या दिवशी ओळी पुन्हा कवीने मांडल्या तशा वाच. वृत्त आपोआप ऐकू येईल, कारण ते शब्दांच्या ऱ्हस्व-दीर्घातच बांधलेले आहे. तुला वरून ठोकावे लागत नाही. मात्र ऱ्हस्व अक्षर ओढून दीर्घ केलेस किंवा दीर्घ गिळलेस तर ते मोडते, तेवढे सांभाळ.

मुक्तछंदात उलटे होते. तिथे ठोका नसल्यामुळे मुले बातम्या वाचल्यासारखी सपाट वाचत सुटतात. कवीने ओळ जिथे तोडली आहे तिथे आवाज न पाडता अर्धा क्षण धरायचा, एवढी एक गोष्ट पाळली तरी मोठा फरक पडतो.

प्रश्न : आमच्या शाळेतली बहुतेक मुले घरी अहिराणी बोलतात. तालुक्याच्या स्पर्धेत उच्चारांचे गुण जातात. काय करावे?
– मराठीचे शिक्षक, सटाणा

उत्तर : सर, पहिली गोष्ट म्हणजे मुलांना ‘तुमचे उच्चार अशुद्ध आहेत’ असे म्हणू नका. अहिराणीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो तो त्या भाषेच्या नियमाने होतो. प्रमाण मराठीतली कविता म्हणताना वेगळा नियम पाळायचा, इतकेच मुलांना सांगा. मूल दोन्ही शिकते, आणि लवकर शिकते.

‘ळ’साठी जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावायचे आणि पुढे झटकायचे. सुरुवातीला ‘ड’ म्हणायला लावा, मग तीच जागा ठेवून जीभ सैल सोडायला सांगा. बाळ, काळ, मिळाले, उन्हाळा, पावसाळा, आभाळ असे शब्द रोज पाच मिनिटे, दहा दिवस. ‘ण’ची जागाही तीच, म्हणून दोन्ही एकत्र घ्या : पाणी, मन–मणी, वन–वण. ‘श’ आणि ‘स’ यांची गल्लत शाळाशाळांतून दिसते. त्यासाठी आरसा पुरेसा आहे, दोन्हींत ओठांची ठेवण वेगळी दिसते.

यापेक्षा जास्त गुण जातात ते ‘च’, ‘ज’, ‘झ’च्या दोन-दोन उच्चारांमुळे. ‘चंद्र’मधला च आणि ‘चांदणे’मधला च वेगळा, ‘जग’मधला ज आणि ‘जमीन’मधला ज वेगळा. लिपी एकच असल्यामुळे हे पानावर दिसत नाही. कवितेतल्या अशा प्रत्येक शब्दाखाली दातांवरच्या उच्चारासाठी टिंब द्यायची सवय लावा.

आणि बोलीतली कविता घेतली असेल तर ती बोलीतच म्हणू द्या. बहिणाबाईंच्या ओळी प्रमाण मराठीत ‘सुधारून’ म्हटल्या तर नादही जातो आणि यमकही. स्पर्धेच्या पत्रकात नुसते ‘मराठी कविता’ असे असेल, तर बोलीतली चालेल का हे आयोजकांना आधीच लेखी विचारून घ्या. ऐन वेळी वाद झाला की नुकसान मुलाचे होते.

प्रश्न : घरी कविता पाठ असते, मंचावर तिसऱ्या कडव्यात सगळे पुसले जाते.
– बारावीची विद्यार्थिनी, नाशिकरोड

उत्तर : तुमचे विस्मरण कडव्याच्या पोटात होत नाही, दोन कडव्यांच्या सांध्यावर होते. पाठ करताना आपण दर वेळी पहिल्यापासून सुरू करतो, त्यामुळे पहिले कडवे पन्नास वेळा म्हटले जाते आणि शेवटचे दहा वेळा. ध्रुवपदाच्या कवितेत हा धोका दुप्पट : प्रत्येक कडवे एकाच ओळीवर संपते आणि तिथून जीभ भलत्याच कडव्यात शिरते.

म्हणून उलट्या बाजूने पाठ करा. आधी शेवटचे कडवे, मग त्याच्या आधीचे आणि शेवटचे, असे मागे मागे या. म्हणजे मंचावर तुम्ही जसजसे पुढे जाता तसतशा जास्त पक्क्या भागात शिरता. नंतर फक्त सांधे म्हणा : एका कडव्याची शेवटची ओळ आणि पुढच्याची पहिली, इतकेच, प्रत्येक सांधा दहा वेळा. शेवटचे चार दिवस टीव्ही चालू असताना, जिना चढताना, भांडी घासताना म्हणून बघा. शांत खोलीत पाठ झालेली कविता गडबडीत टिकेल याची खात्री नसते.

तरीही अडलातच तर हलू नका. ‘सॉरी’ म्हणू नका, विंगेकडे बघू नका. श्वास सोडा, आधीची ओळ सावकाश पुन्हा म्हणा. बहुतेक वेळा पुढची त्यातूनच येते. नाही आली तर सरळ पुढच्या कडव्यावर जा. प्रेक्षकांना गळालेले कडवे कळत नाही, घाबरलेला चेहरा कळतो. मागून कोणी ओळ सांगितली तर पुष्कळ ठिकाणी गुण कापतात, तेव्हा मैत्रिणींना आधीच गप्प बसायला सांगून ठेवा.

छाती धडधडते त्यावर : नाव पुकारण्याआधी चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच-सहा वेळा. सोडायचा श्वास लांब ठेवला की ठोके उतरतात. मंचावर गेल्यावर दोन्ही पावले पूर्ण टेकवून उभ्या राहा. गुडघे ताठ आवळले की थरथर वाढते.

प्रश्न : माइकवर माझा आवाज फुटतो. घरी चांगला येतो.
– विद्यार्थी, सातपूर

उत्तर : माइक तोंडाच्या फार जवळ आहे, किंवा तू थेट त्यात फुंकतो आहेस. ‘प, फ, ब, भ’ म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो, तोच स्पीकरमधून ‘धप्’ असा येतो. हातातला किंवा स्टँडवरचा साधा माइक तोंडापासून चार बोटे ठेव आणि किंचित बाजूला, म्हणजे झोत शेजारून जाईल. मोठ्याने म्हणायच्या ओळीला अर्धी वीत मागे सरक; कुजबुजीच्या ओळीला जवळ ये, पण आवाज अगदी मारू नकोस. पोडियमवरचा काटकुळा माइक जास्त संवेदनशील असतो, त्याला एक वीत अंतर पुरते. कॉलरचा माइक हनुवटीखाली एक वीत, आणि त्याला ओढणी, बिल्ला, माळ काहीही घासता कामा नये.

जाळीवर मूठ आवळली किंवा माइक स्पीकरकडे वळला की शिट्टी वाजते. फुंकर मारून किंवा टिचकी मारून माइक तपासायचा नाही. पहिले वाक्य, म्हणजे कवितेचे नाव, हीच तपासणी. आधीच्या स्पर्धकाची उंची जास्त असेल तर स्टँडची मधली कडी सैल करून खाली घे. पाच सेकंद लागतात आणि ती कोणी मोजत नाही, कारण बहुतेक ठिकाणी घड्याळ पहिल्या शब्दाला सुरू होते. तेवढे आयोजकांना विचारून घे. मान वर करून म्हटलेली कविता घशातून येते आणि चिरकते.

प्रश्न : मुलगी चौथीत आहे. प्रत्येक ओळीला हातवारे बसवून दिले आहेत. पोशाखही शिवायचा का?
– पालक, सिन्नर

उत्तर : पोशाख शिवू नका, शाळेचा गणवेश उत्तम. हातवारे काढून टाका. ‘पाऊस’ म्हटले की बोटे नाचवायची, ‘आकाश’ म्हटले की वर बघायचे, यात मुलीचे सगळे लक्ष पुढच्या खुणेकडे राहते आणि कविता तिच्या चेहऱ्यावर येतच नाही. तिला कवितेचा अर्थ समजावून सांगा, तिच्या आवडीच्या एक-दोन ओळींना हात आपणहून हलला तर हलू द्या. हात कुठे ठेवायचे हा तिचा प्रश्न असेल तर बाजूला सैल. पाठीमागे बांधले की खांदे आखडतात आणि श्वास छातीतच अडतो.

प्रश्न : स्वरचित कवितेच्या स्पर्धेत भाग घेतो आहे. गझल चालेल का? कागद हातात धरावा का?
– पदवीचा विद्यार्थी, गंगापूर रोड

उत्तर : गझल चालते. प्रत्येक शेर स्वतंत्र असल्यामुळे वेळेत बसवायला ती सोयीचीही आहे : मतला, म्हणजे पहिला शेर, ठेवा आणि मधले कच्चे शेर काढा, पण पाचाच्या खाली जाऊ नका. काफिया, म्हणजे यमक, जिथे ओढूनताणून आला आहे तो शेर आधी काढा, परीक्षकाचा कान तिथेच अडतो. मुशायऱ्यात पहिली ओळ दोनदा म्हणायची रीत आहे. स्पर्धेत प्रत्येक शेराला ती पाळली तर वेळ संपतो. मतल्याला पाळा, फार तर आणखी एका शेराला.

कविता कशी सुचली हे सांगत बसू नका. नाव सांगा आणि सुरू करा. अर्थ आधीच सांगून टाकला की ऐकणाऱ्याला शोधायला काही उरत नाही. शेवटची ओळ दोनदा म्हणून टाळ्या मागण्याची पद्धतही टाळा. ओळ चांगली असेल तर एकदाच पुरते.

नियमात बसत असेल तर कागद जरूर धरा. मोबाइल नको, पडदा मधेच काळा होतो आणि चेहऱ्यावर उजेड पडतो. १६ ते १८ पॉइंट अक्षर, एका बाजूला छपाई, कडवे दोन पानांत तुटू न देता. पातळ कागदाची थरथर माइकमध्ये ऐकू येते, म्हणून मागे पुठ्ठा लावा. छातीच्या उंचीवर, तोंडाच्या खाली. ओळ डोळ्यांनी उचला, मान वर करा, मग म्हणा. खाली बघत म्हटलेली ओळ कागदातच राहते. बहुतेक आयोजक कवितेच्या तीन प्रती, बोनाफाइड आणि ओळखपत्र मागतात, ते आदल्या दिवशीच फाइलमध्ये लावा.

प्रश्न : गटाने कविता सादर करायची आहे. सहा जणी आहोत. सगळ्यांनी सगळे एकत्र म्हणावे का?
– अकरावीचा गट, देवळाली

उत्तर : नाही. सहा जणींचा एकसुरी आवाज अर्ध्या मिनिटात प्रार्थनेसारखा वाटू लागतो आणि शब्द कळेनासे होतात. जिथे कवितेत ‘आम्ही’ बोलते, जमाव बोलतो, तेवढ्याच ओळी एकत्र घ्या. त्या एकूण ओळींच्या पाव भागाहून जास्त नकोत. उरलेल्या एकेकीला, किंवा दोघींना.

एकत्र ओळीची सुरुवात जुळण्यासाठी एक जण नाकाने ऐकू येईल असा श्वास घेईल आणि बाकीच्या त्यावर सुरू करतील. हाताची खूण प्रेक्षकांना दिसते, श्वास दिसत नाही. शेवट जुळवणे जास्त कठीण. ‘त, क, ट, स’वर संपणारा शब्द सहा जणींनी सहा वेळा संपवला की पत्रे वाजल्यासारखे होते, एकीनेच ते अक्षर स्पष्ट म्हणावे, बाकीच्यांनी हलके सोडावे. अर्धवर्तुळात उभ्या राहा म्हणजे कोपऱ्यातल्या दोघी एकमेकींना दिसतील. माइक दोनच असतील तर तिघींत एक, फूटभर अंतरावर, आणि जिचा आवाज मोठा ती अर्धे पाऊल मागे.

मंचावर येणे-जाणे पुष्कळदा वेळेत धरतात. तेही सरावात मोजा.

प्रश्न : स्पर्धेच्या सकाळी काय खावे?
– विद्यार्थी, सिडको

उत्तर : मिसळ स्पर्धेनंतर. तिखट-तेलाने घशाशी येते आणि आवाज खरखरतो. दीड-दोन तास आधी पोळी-भाजी किंवा उपमा असे काहीतरी खा. उपाशीपोटी उभे राहिलास तर श्वास पुरत नाही. फेब्रुवारीत सकाळी अजून गारठा असतो, कोमट पाण्याची बाटली जवळ ठेव. दूध-दह्याने घसा चिकट होत असेल तर तेवढा दिवस टाळ. खाकरून घसा साफ करू नकोस, त्याने स्वरतंतू आणखी सुजतात. एक घोट पाणी घे.

प्रश्न : माझ्या सादरीकरणाचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला तर चालेल का? कविता प्रसिद्ध कवीची आहे.
– विद्यार्थिनी, इंदिरानगर

उत्तर : शाळेच्या कार्यक्रमात विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांसमोर कविता म्हणायला कायद्याची आडकाठी नाही. इंटरनेटवर टाकणे ही वेगळी गोष्ट. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतात, आणि ती पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. कुसुमाग्रज १० मार्च १९९९ रोजी गेले, म्हणजे त्यांच्या कवितांवरचे हक्क २०५९ अखेरपर्यंत आहेत. बालकवी १९१८ साली गेले, त्यांच्या कविता मोकळ्या आहेत. हक्क असलेल्या कवितेसाठी प्रकाशकाला किंवा वारसांना पत्र लिहून परवानगी माग, आणि व्हिडिओत कवीचे नाव दे.

प्रश्न : टाळ्या मला सगळ्यांत जास्त मिळाल्या, पण नंबर आला नाही. परीक्षक काय बघतात?
– विद्यार्थी, इगतपुरी

उत्तर : गुणपत्रिकेत साधारणपणे कवितेची निवड, उच्चार, अर्थाची जाण, आवाजाचा चढउतार, आत्मविश्वास आणि वेळ असे रकाने असतात. टाळ्यांना रकाना नसतो. टाळ्या बहुधा चढ्या आवाजाला आणि आवेशाला मिळतात, आणि गुण तिथेच जातात, कारण पहिल्या ओळीपासून आवाज टिपेला नेला की पुढे न्यायला जागा राहत नाही. पहिले कडवे बोलण्याच्या आवाजात सुरू कर. सगळ्यांत उंच जागा एकच ठेव, आणि तीही शेवटून दुसऱ्या कडव्यात आली तर बरी.

दुसरी शक्यता वेळेची. वेळ संपल्याच्या दुसऱ्या घंटेनंतर म्हटलेल्या प्रत्येक ओळीला काही ठिकाणी गुण कापतात, काही ठिकाणी स्पर्धक सरळ बाद होतो. निकालानंतर आयोजकांना नम्रपणे आपली गुणपत्रिका दाखवायला सांग. पुष्कळ जण दाखवतात. कुठल्या रकान्यात कमी पडलास ते वहीत लिहून ठेव आणि पुढच्या स्पर्धेसाठी फक्त त्याच रकान्यावर काम कर.